प्रश्न कोणाचा, पुरावा कोणाचा?

(नवापूर येथील कार्यकर्ता शिबिरात आपल्या एका कार्यकर्त्या बहिणीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. गावच्या बैठकीत मोठ्याने वाचावे.)

साथींनो, बहिणींनो, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो,

शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे विषय लिहिलाय, 'समाजशास्त्र आणि वसाहतवादी ज्ञान'. विषय वाचून मागचे दोघं आत्ताच चहाला उठले. त्यांची चूक नाही. विषयाचं नावच असं आहे की माणसाला तहान लागावी. म्हणून नाव बाजूला ठेवते आणि एका शब्दापासून सुरू करते. शब्द आहे 'भूमिहीन'.

मी नववीत होते तेव्हा आमच्या गावात एक सर्व्हे आला. शहरातून दोन पोरं आली होती, हातात छापील फॉर्म. माणसं चांगली होती. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आईने दिलेली भाकर खाल्ली. मग वडिलांना विचारलं, "काका, सातबारा आहे का?" वडील म्हणाले, "नाही." त्याने रकान्यात लिहिलं, 'भूमिहीन'. मला वाचता येत होतं. मी वडिलांना सांगितलं. वडिलांनी त्याला हाताला धरून घरामागे नेलं. चढावर आमचं शेत. नागली कापून झालेली, तूर उभी. बांधाचे दगड आजोबांनी रचलेले. वडील म्हणाले, "मग हे काय आहे?" पोरगा ओशाळला. म्हणाला, "काका, मला दिसतंय. पण फॉर्ममध्ये याला रकाना नाही."

तो पोरगा खोटं बोलला नाही. रकाना खरंच नव्हता. आज मला त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही. मला त्या रकान्याबद्दल बोलायचंय. तो कोणी आखला? आखताना कोणाला विचारलं?

आमच्या घराचं ते एक 'भूमिहीन' पुढे कुठे गेलं असेल बघा. आधी गावाच्या बेरजेत, मग तालुक्याच्या. बेरीज गेली अहवालात, अहवाल वाचून कोणी प्रबंध लिहिला असेल. त्यात वाक्य आलं असेल की इथले आदिवासी भूमिहीन आहेत, म्हणून ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. 'जमीन नाही' ही एक गोष्ट झाली. 'जमीन आहे, पिढ्यान्‌पिढ्या खेडतो, पण सरकार मानत नाही' ही वेगळी गोष्ट झाली. पहिल्या वाक्यावर उपाय काय? दोन शेळ्या द्या, शिलाई मशीन द्या, खडी फोडायचं काम द्या. दुसऱ्या वाक्यावर उपाय एकच, जमीन नावावर करा. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आपली सगळी चळवळ उभी आहे. म्हणून मी म्हणते, हा विषय विद्यापीठातल्या लोकांचा नाही. हा आपल्या बांधावरचा विषय आहे.

साहेबाला काय जाणून घ्यायचं होतं

पुढे मी कॉलेजात गेले, समाजशास्त्र घेतलं. पुस्तकात एक धडा होता, आदिवासींची वैशिष्ट्यं. ते डोंगरात राहतात, ते भोळे असतात, ते जादूटोणा मानतात, ते मागास असतात. सगळीकडे 'ते'. वर्गात मी एकटीच 'ते' होते. परीक्षेत मीही 'ते' असंच लिहिलं आणि पास झाले. तेव्हा ते खटकलं नाही. खटकलं तेव्हा डिग्री हातात होती.

ही वाक्यं आली कुठून? मागे जाऊन बघितलं तर वाट खानदेशातच येते.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला. डोंगरात भिल्लांनी त्यांना सुखाने बसू दिलं नाही. १८२५ साली जेम्स आउट्राम या अधिकाऱ्याने भिल्ल कोअर उभी केली, म्हणजे भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण. आता विचार करा, अशा सरकारला आपल्याबद्दल काय जाणून घ्यायचं असेल? लुटायला कोण येतं? कोणाला पगार देऊन गप्प करता येईल? कोण नांगर धरेल आणि सारा भरेल? डोंगरात किती माणूस आहे आणि त्याचा पुढारी कोण? राज्य चालवायला हे प्रश्न लागतात. १८८० साली खानदेशचं गॅझेटिअर निघालं, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली. त्यात भिल्ल, मावची, पावरा यांची वर्णनं आहेत. अंगाने कसे, खातात काय, दारू किती पितात, कष्टाळू की आळशी. म्हैस विकत घेताना माणूस जसं बघतो, तसं बघून लिहिलंय. त्या लिहिणाऱ्यांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. मेहनत पुष्कळ केली. पण प्रश्न राज्य करणाऱ्याचे होते, म्हणून उत्तरंही त्याच्याच कामाची निघाली.

त्याच काळात, १८७८ साली, जंगलाचा कायदा आला आणि राखीव जंगलं झाली. एका टेबलावर लिहिलं जात होतं की हे लोक रानटी, भटके, एका जागी न टिकणारे. दुसऱ्या टेबलावर लिहिलं जात होतं की हे जंगल सरकारचं. एकदा माणूस भटका ठरला की त्याची जमीन काढून घेतली असं म्हणावंच लागत नाही. भटक्याची कसली जमीन? म्हणून वर्णनाचं पुस्तक आणि कायद्याचं पुस्तक वेगळं वाचू नका. दोघं जुळे भाऊ आहेत.

आपल्या बोलीचंही तेच. ग्रिअर्सन नावाच्या साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. भिली बोलींचा त्यांचा खंड १९०७ साली निघाला, त्यात मावचीही आहे. काम मोठं आहे, मी मान देते. पण नमुना गोळा करायची पद्धत अशी की सगळ्या बोलींत पहिली गोष्ट एकच सांगायची, बायबलमधली उधळ्या मुलाची. बापाची इस्टेट वाटून घेतो, उडवतो, परत येतो, ती. तुलना करायला सोपं जातं, हे खरं. पण गंमत बघा. आमच्या मावचीला पहिल्यांदा कागदावर बोलायला लावलं ते बापाच्या इस्टेटीबद्दल, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या बापाच्या. आमच्या बापाची इस्टेट कुठली, हे त्या पाहणीत कोणी विचारलं नाही. आजही जनगणनेत मावची, गावित, वसावा, पावरी या सगळ्या 'भिली' या एका मथळ्याखाली बेरीज करून टाकतात.

साहेब गेला, रकाना राहिला

तुम्ही म्हणाल, साहेब गेला १९४७ ला. हो, गेला. पण त्याचा फॉर्म टेबलावर विसरून गेला, आणि आपल्या लोकांनी तोच पुढे भरायला घेतला.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. तिथे गो. स. घुर्ये यांनी पुढे अनेक वर्षं शिकवलं. मूळचे मालवणचे, मोठे विद्वान. त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी देशभर प्राध्यापक झाले. १९४३ साली त्यांनी आदिवासींवर पुस्तक लिहिलं. सांगितलं की यांना आदिवासी म्हणणं चूक, हे मागासलेले हिंदूच आहेत, यांना मोठ्या समाजात मिसळून जाऊ द्या. दुसरीकडे व्हेरिअर एल्विन. इंग्रज माणूस, मध्य प्रांतात गोंड आणि बैगांमध्ये जाऊन राहिला. तो म्हणाला, यांना बाहेरच्यांपासून वाचवा, यांचा प्रदेश राखून ठेवा. या दोघांचा वाद आजही कॉलेजात शिकवतात. मीही पाठ केला होता. घुर्ये यांचं म्हणणं पाच मुद्दे, एल्विन यांचं म्हणणं पाच मुद्दे. आदिवासींचं म्हणणं किती मुद्दे? तो प्रश्नच पेपरात नव्हता. मिसळायचं की राखायचं, हे मीठ आणि लोणचं यांच्याबद्दल बोलतात तसं बोलले. ज्याला मिसळायचं त्याला कोणी विचारलं नाही.

व्हर्जिनियस खाखा हे उरांव समाजातले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी नेमकं बोट ठेवलं. ते म्हणतात की अभ्यासक आदिवासीकडे बघतात ते तो आता जात होतोय का, शेतकरी होतोय का, हिंदू होतोय का, एवढंच बघायला. तो स्वतः एक पूर्ण समाज आहे, त्याची स्वतःची घडी आहे, हे मानून अभ्यास होत नाही. म्हणजे आपण कायम कशात तरी बदलत असलेले लोक. स्वतः कोणीच नाही.

आपल्या धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. चळवळीतला माणूस. ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यावर विसंबायचं नाही म्हणून संस्कृत व्याकरण शिकले, आणि 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिलं. त्यांची सगळी मतं तुम्हाला पटोत न पटोत. पण मोर्चात चालणारा माणूस ज्ञान तयार करू शकतो, हे त्यांनी आपल्याच जिल्ह्यांत दाखवलं. आणि हे आपल्याकडेच चाललंय असंही नाही. न्यूझीलंडमध्ये मावरी नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्यातल्या लिंडा तुहिवाई स्मिथ या बाईंनी १९९९ साली पुस्तक लिहिलं, संशोधनाच्या पद्धतीच वसाहतीच्या पकडीतून कशा सोडवायच्या यावर. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की अभ्यास कोण करतो, कोणासाठी करतो, आणि तो झाल्यावर कोणाकडे राहतो, हे आधी विचारा. समुद्रापलीकडची बाई आपल्या ओट्यावरचाच प्रश्न विचारते.

पुस्तक जाळायचं नाही

आता इथे एक धोका आहे. असं सगळं ऐकलं की आपल्या तरुण पोरांचं रक्त तापतं. म्हणतात, जाळा ती गॅझेटिअर. मी म्हणते, थांबा. जाळू नका. झेरॉक्स काढून आणा.

का ते सांगते. वनहक्क कायदा २००६ साली झाला. आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारने कबूल केलंय. नियम आले १ जानेवारी २००८ ला. त्यात १३ नंबरचा नियम पुराव्याचा आहे. तो सगळ्यांनी पाठ करा, मी पूर्वी घुर्ये पाठ केले होते तसा. त्यात पुरावा म्हणून काय काय चालतं? गॅझेटिअर, जनगणना, सर्व्हे, नकाशे. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन. कोर्टाचे कागद. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा. वंशावळ. आणि शेवटी, दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन.

पुन्हा ऐका. गॅझेटिअर आणि म्हाताऱ्या माणसाचा शब्द एकाच यादीत आहेत. कॅम्पबेल साहेबाचं पुस्तक आणि पुढे बसलेली आपली आजी एकाच नियमात, एकाच ओळीने बसलेत. वरचा-खालचा असा दर्जा तिथे लावलेला नाही. एवढ्यासाठी मी आज बोलायला उभी राहिले.

ज्या पुस्तकाने आपल्याला रानटी म्हटलं, त्याच पुस्तकाने लिहून ठेवलंय की १८८० साली हे लोक इथेच होते. शिवी आहे, पण शिवीवर तारीख आहे. तुमच्या घरात जंगल तोडल्याच्या दंडाच्या पावत्या असतील. कोणी रागाने चुलीत घातल्या, कोणी पेटीत ठेवल्या. ज्यांनी ठेवल्या त्यांना विचारा. त्या पावतीवर आपण गुन्हेगार आहोत. पण कोणत्या साली, कोणत्या जागेवर गुन्हेगार होतो, तेही लिहिलंय. ज्या कागदाने आपल्याला चोर म्हटलं, तोच आज साक्षीदार म्हणून उभा करायचा. त्याच्या तोंडून आपल्याला पाहिजे ते वदवून घ्यायचं. पण साहेबाचं पुस्तक फार तर एवढं सांगेल की हा समाज या भागात होता. अमुक नाल्याच्या अलीकडचा, दोन मोहांच्या मधला तुकडा कोणाच्या आजोबांनी खेडला, हे त्याला माहीत नाही. ते फक्त गावच्या माणसाला माहीत आहे. एकापेक्षा जास्त पुरावे बघावेत असं नियम म्हणतो. म्हणून एक हात पुस्तकावर, एक हात म्हातारीच्या हातात.

उपग्रहाच्या फोटोबद्दलही हेच. आकाशातून फोटो काढला की झाडं दिसतात. आपण शेतात मोह तोडत नाही, राखतो. फोटोला ते जंगल वाटेल. एखादं शेत दोन वर्षं पडीक ठेवलं, तर फोटोला ते झुडूप वाटेल. फोटो खोटा नाही. पण फोटो सर्व्हेच्या त्या पोरासारखा आहे, त्याच्याकडेही तो रकाना नाही. रकाना आपण भरायचा.

रकाना चुकला तर काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात बघा. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगावची ३३ गावं बाधित झाली. नर्मदा लवादाने १९७९ साली सांगितलं होतं की जमीन जाणाऱ्या जमीनधारक कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन द्या. पण डोंगरातली किती तरी शेती कागदावर जंगलच होती. खेडणारा माणूस कागदावर जमीनधारक नाही, अतिक्रमणवाला. पाणी दोघांच्याही शेतात सारखंच आलं. पाण्याने सातबारा विचारला नाही. सातबारा विचारला तो पुनर्वसनाच्या यादीने. ती यादी बदलायला त्या लोकांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. एका शब्दाची किंमत एवढी असते.

आपण काय करायचं

आता कामाचं. गावोगाव वनहक्क समित्या होतायत, १० ते १५ जणांच्या. दावे गोळा करायचं, जागेवर जाऊन तपासायचं काम त्यांचं. सुरुवात ग्रामसभेतून होते. उपविभागाची आणि जिल्ह्याची समिती नंतर येते. म्हणजे आपल्या समाजाचा अभ्यास करायचं काम कायद्यानेच आपल्या हातात दिलंय. ते साहेबासारखं करू नका.

एक. फॉर्म भरायच्या आधी बसा आणि विचारा. म्हाताऱ्या माणसाला 'किती साली?' असं विचारू नका. तिला साल माहीत नसेल आणि ती गप्प बसेल. मग तुम्ही लिहाल, 'माहिती नाही'. विचारा, उकई धरणाचं पाणी आलं तेव्हा हे शेत होतं का? बहात्तरच्या दुष्काळात इथे काय पेरलं होतं? थोरला मुलगा तेव्हा पाळण्यात होता की गुरं चारत होता? साल आपोआप निघतं. माहिती तिच्याकडे आहे. प्रश्न नीट विचारायची जबाबदारी आपली आहे.

दोन. आधी बोलीत लिहा. मावचीत बोलली तर मावचीत, कोकणीत बोलली तर कोकणीत. खाली मराठी करा. वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. न वाचता अंगठा घेतला तर आपल्यात आणि सावकारात फरक काय राहिला?

तीन. बायांना विचारा. पुरुष शेताची हद्द सांगतो. टेंबरुणीची पानं कुठून आणतो, पाण्याचा झरा कुठला, कंद कोणत्या उतारावर, निलीचारीच्या आधी कोणती भाजी तोडायची नाही, हे बाई सांगते. सामूहिक हक्काचा दावा त्यावरच उभा राहणार आहे. आपल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क आहे, हेही त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय.

चार. खोटं लिहू नका. हे मी मुद्दाम जोरात सांगते. आपलाच माणूस सांगतो म्हणजे खरंच असं नाही. दोन भावांची हद्दीवरून भांडणं असतात. पाटलाच्या घरचं म्हणणं मोठ्याने ऐकू येतं, विधवेचं ऐकूच येत नाही. दोघांचं लिहा, जागेवर उभं राहून तपासा. १३ डिसेंबर २००५ नंतर तोडलेलं जुनं म्हणून लिहिलं, तर एका खोट्यापायी शंभर खरे दावे नाकारतील. आपल्या पुढाऱ्यालाच साहेब करायचं असेल तर मग एवढी मेहनत कशाला?

पाच. अभ्यास करायला बाहेरून पोरं येतील. येऊ द्या. भाकर द्या. पण आधी विचारा, प्रश्न काय आहेत ते दाखवा. ग्रामसभेत सांगा. लिहिलेलं आम्हाला समजेल अशा भाषेत परत आणा, एक प्रत गावात ठेवा. जो हे मान्य करतो तो आपला मित्र. त्याच्याकडून शिकू, त्याला शिकवू. विद्यापीठाशी आपलं वैर नाही. आपली पोरंही तिथे गेली पाहिजेत. फक्त परत येताना 'ते' म्हणत येऊ नयेत.

माझे वडील आज नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांचं निवेदन मी लिहून घेतलं नव्हतं. दुसऱ्यांच्या गावात फिरून दुसऱ्यांच्या वडिलांचं लिहून घेत होते. घरचं काय, कधीही लिहू असं वाटलं. आता आमच्या दाव्यासाठी शेजारच्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "बांधाचे दगड तुझ्या आजाने रचले तेव्हा मी दगड उचलून देत होतो." ते मी लिहून घेतलं. आमच्या बोलीत. खाली मराठी.

पण सगळ्यांच्या शेजारी असे काका असतीलच असं नाही. म्हणून आज घरी जाऊन पहिलं काम हे करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. उद्या नाही, आजच. शिबिराचा अहवाल नंतर लिहिला तरी चालेल.

जिंदाबाद!